चाळीतला कांदा आणि लेकीचा गुडघा

श्रावणातला रविवार होता. सोमवारी बाजार समितीत न्यायचा उन्हाळ कांदा चाळीतून काढून आम्ही ताडपत्रीवर निवडत बसलो होतो. गोल्टी एका बाजूला, जोड कांदा दुसऱ्या बाजूला, सडका पाटीत. राखीसाठी नाशिकहून आलेली माझी नणंद, म्हणजे ताई, याही ओढणी कमरेला बांधून कामाला लागल्या होत्या. सासरे, म्हणजे आप्पा, नेहमीसारखे खुर्चीवर बसून निवडत होते. त्यांच्यासाठी कांद्याची पाटी स्टुलावर ठेवावी लागते. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. मी लग्न होऊन नामपूरला आले तेव्हापासून त्यांना पंगतीत खाली बसलेलं पाहिलेलं नाही.

माझी लेक आठवीत आहे. नुकतीच तेरा वर्षांची झाली. गेल्या जत्रेच्या दंगलीत तिनं आपल्या जोडीची पोरगी चीतपट करून एकशे एक रुपये इनाम आणलं. शाळेच्या स्पर्धेत सहाशे मीटरलाही पहिली आली. दोन्हीकडून निरोप आले होते. तालमीतले शिकवणारे म्हणत होते, पोरगी आमच्याकडं द्या. शाळेतले सर म्हणत होते, धावण्यातच ठेवा. दोघांचंही शेवटचं वाक्य एकच होतं: आता एकच काय ते धरा, दोन डगरींवर हात नको.

दोन्हीकडच्या कागदांवर सही माझी लागणार होती. म्हणून कांदा निवडता निवडता मीच विषय काढला.

"त्यात विचारायचं काय?" आप्पा म्हणाले. "घरात कुस्ती आहे. पोरगी म्हणून नाही म्हणायचे दिवस गेले. 2016 ला रिओत साक्षी मलिकनं कांस्य आणलं. 2023 ला सांगलीत बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. मातीत घोळलेलं अंग म्हातारपणापर्यंत पुरतं."

ताईंनी हातातला कांदा खाली ठेवला. सोळा वर्षं त्या फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतात. "आप्पा, माझ्याकडं सकाळी येणाऱ्या पोरांमध्ये कुस्ती आणि कबड्डीची पोरं किती असतात ते एकदा येऊन बघा. अठरा-वीस वर्षांची पोरं, जिना उतरताना कठडा धरतात."

"दुखापत कुठं होत नाही? शेतात विळा लागत नाही का?"

"विळ्याची जखम भरते. गुडघ्यातली दोरी तुटली की ती तशी भरत नाही." ताईंनी आपल्याच गुडघ्यावर बोट ठेवून दाखवलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवरून सरकू नये म्हणून सांध्याच्या आत एक तिरपी दोरी असते, एसीएल म्हणतात ती. पाय मॅटवर रुतलेला आणि अंग वळलेलं, वरून दुसऱ्याचा भार, अशा वेळी ती पटकन तुटते. खेळणारी पोरं सांगतात की आत काहीतरी 'टक्' झालं. वयात येणाऱ्या मुलींना हा धोका मुलांपेक्षा साधारण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो.

"ऑपरेशन करतात की आता," मी म्हटलं.

"करतात. पोरं पुन्हा खेळतातही. पण वहिनी, पुढचं ऐक. स्वीडनमध्ये फुटबॉल खेळताना ही दोरी तुटलेल्या बायकांचे गुडघे बारा वर्षांनी तपासले. 2004 मध्ये ते छापून आलं. सरासरी वय 31. निम्म्या जणींच्या एक्स-रेत संधिवाताची झीज दिसली. ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या, दोघींतही फारसा फरक नव्हता. एकतिसाव्या वर्षी साठीचा गुडघा. तुझी लेक एकतीसची होईल तेव्हा तिच्या कडेवर मूल असेल किंवा अंगावर पोलिसाचा गणवेश. तिला तेव्हा गुडघा लागणार आहे."

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पळवायचं तिला. पळणाऱ्यांचे गुडघे काय लोखंडाचे असतात?"

"नसतात. पण लोकांना वाटतं तेवढे झिजतही नाहीत. फिनलंडमध्ये एके काळच्या नामांकित खेळाडूंना पंचेचाळीस ते अडुसष्ट वयात बोलावून गुडघे तपासले होते. वजन उचलणाऱ्यांत 31 टक्क्यांना झीज होती, फुटबॉलवाल्यांत 29, धावणाऱ्यांत 14 आणि नेमबाजांत 3. नुसत्या पळण्यापेक्षा गुडघ्याला झालेली जुनी इजा आणि वाढलेलं वजन जास्त महागात पडतं."

"नेमबाजीचे तीन टक्के म्हणून सगळ्यांनी बंदूक धरायची का? बाई, तू हिशेबात एक रकाना सोडलास. काहीच न खेळणाऱ्याचा. आपल्या गल्लीत चाळिशीत साखर निघालेले किती जण आहेत ते मोज. पोरगी मोबाइल घेऊन बसली तर तिची दोरी तुटणार नाही. पण तेवढ्यानं ती धोक्याबाहेर राहील, असं म्हणशील तू?"

"नाही म्हणणार," ताई लगेच म्हणाल्या. "खेळायचं नाही, हा पर्यायच नाही. त्यातून मुलींची हाडं याच वयात भरतात. त्यांचा बहुतेक साठा अठराव्या वर्षापर्यंत जमा होतो आणि पुढं आयुष्यभर त्यातूनच खर्च चालतो. उड्या, ओझं, रेटारेटी यानं हाड घट्ट होतं. त्या बाबतीत कुस्ती चांगलीच आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं. आपलं ते खरं करण्यासाठी दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. मग मी जे मनात दडवून ठेवलं होतं ते सांगितलं. तालमीत तिचं वजन केलं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, दोन किलो उतरवलं की खालच्या गटात जोड सोपी पडेल. तेव्हापासून लेक रात्रीची भाकरी अर्धीच घेत होती.

आप्पांचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं ते राहू द्या. म्हणतात, सगळीकडंच म्हणतात," ताई म्हणाल्या. "वजन तोडणं ही कुस्तीतली सगळ्यात वाईट सवय आहे. जेवण तोडायचं, पाणी तोडायचं, रबरी सूट घालून घाम काढायचा. 1997 च्या हिवाळ्यात अमेरिकेत कॉलेजात कुस्ती खेळणारे तीन तरुण असंच वजन उतरवताना जेमतेम महिन्याभरात मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेजांना नियम बदलावे लागले, रबरी सूट बंद झाले. पॅरिसला 2024 मध्ये आपला अमन सेहरावत दहा तासांत 4.6 किलो उतरवून मॅटवर आला आणि 57 किलोत कांस्य घेऊन गेला. आपण टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात विनेश फोगाट रात्रभर घाम गाळूनही 100 ग्रॅमनं जास्त भरली आणि अंतिम लढत तिच्या हातातून गेली. ती मोठी माणसं होती, सोबत डॉक्टर होते. तेरा वर्षांच्या पोरीच्या अंगातून पाणी काढून घ्यायचं म्हणजे काय?"

"आमच्या वेळेला वजनकाटा नव्हता," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "दंगलीत पंच दोघांना शेजारी उभं करून, दंड बघून जोड लावायचे. कुस्ती म्हणजे खुराक. दूध, बदाम, तूप, नाही परवडलं तर शेंगदाणे नि गूळ. पैलवानाला उपाशी ठेवायचं हे कुठल्या वस्तादाचं शिकवणं? पोर वाढतंय, तर गट वर सरकेल. सरकू दे." त्यांनी नातीला हाक मारली. "आज रात्रीपासून पूर्ण भाकरी. वजनावरून कुणी बोललं तर माझं नाव सांग."

पडवीत गृहपाठ करत बसलेल्या लेकीनं मान हलवली. ती सगळं ऐकत होती, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

"आता तुमच्या पळण्याचं सांग," आप्पा ताईंना म्हणाले. "त्यात उपास नसतो?"

ताई जरा थांबून बोलल्या. "असतो, आणि तो दिसत नाही. कुस्तीत पोरगी लंगडत बाहेर येते, सगळ्यांना कळतं. धावण्यातली झीज मुकाट असते. हलकी मुलगी जोरात पळते, हे कुणीतरी तिच्या कानावर घालतं. ती कमी खाते, जास्त पळते, आणि एक दिवस पाळी थांबते. कित्येक आया म्हणतात, बरं झालं, कटकट गेली. पाळी थांबणं म्हणजे अंगानं हाडांवरचा खर्च बंद केल्याची खूण असते. मग नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो, एक भरला की दुसरा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या सगळ्या दुखण्याला एकत्र नाव दिलं आणि ते पुरुषांनाही होतं हे सांगितलं. मूळ एकच, खर्चाच्या मानानं पोटात कमी पडणं. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्यामुळं आदिवासी पाड्यांवरच्या मुली रस्त्यावर पळायला लागल्या, हे केवढं मोठं काम. पण प्रत्येक पळणाऱ्या पोरीमागं ताटाकडं बघणारं कुणीतरी हवं."

"म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर," मी म्हटलं.

"तसं नाही, वहिनी. दोन्हीकडं पाणी आहे. पायऱ्या कुठं बांधल्यात ते बघायचं." आणि मग त्यांनी पायऱ्या मोजल्या. सरावाआधी वीस मिनिटं नीट शिकवलेला व्यायाम: उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल धरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंना ताकद देणं. नॉर्वेमध्ये तेरा ते सतरा वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना हे शिकवलं तर एकूण दुखापती जवळपास तिसऱ्या हिश्शानं घटल्या. मॅट रोज पुसायचं, नाहीतर एकीचं गजकर्ण सगळ्यांना होतं. डोक्यावर आपटून अंधारी आली, उलटी झाली, बोलणं विसरलं, तर त्या दिवशी पुन्हा लढत नाही आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत नाही. "यावर घासाघीस करायची नाही. गुडघा बदलता येतो, मेंदू येत नाही."

"आणि कान?" आप्पांनी आपल्या कानाला हात लावला. त्यांचे दोन्ही कान मोडलेले आहेत, वाळलेल्या जर्दाळूसारखे घट्ट आणि गोळा झालेले.

"कानात रक्त साकळलं की पहिल्या काही दिवसांतच ते काढून दाबपट्टी बांधली तर कान जाग्यावर राहतो. तुमचं कुणी काढलं नाही."

"आम्हाला तो दागिना वाटायचा," आप्पा म्हणाले.

एवढं झाल्यावर मी मूळ प्रश्नावर आले. "पण मी सही कुठल्या कागदावर करू? दोघंही म्हणतात एकच धरा."

"तेराव्या वर्षी का धरायचं?" ताई म्हणाल्या. "अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये सांगितलंय, पंधरा-सोळापर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्या, वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून मोकळं ठेवा. एक सोपं मापही आहे: वय जितकं, तितकेच आठवड्याचे सरावाचे तास. तेरा वर्षं, तेरा तास. तेच ते सांधे, तोच तो ताण वर्षभर पडला की वाढीच्या हाडाची टोकं दुखावतात."

"बाई, कुस्ती कोवळ्या वयातच अंगी लागते," आप्पा म्हणाले. "ढाक, मोळी, एकेरी पट हे डाव अंग लवतं तोवरच शिकायचे. विशीत येऊन पैलवान होत नाही कुणी."

"डाव शिकू दे की. पडायचं कसं, मान कशी वाचवायची, हे तर लहानपणीच शिकावं. मी लढतींच्या संख्येबद्दल बोलतेय. डाव शिकण्यासाठी दर आठवड्याला दंगल लागत नाही. आणि उशीर झाला म्हणून सगळं संपतं असंही नाही. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवा. आपल्यासारखाच दुष्काळी भागातला पोरगा. 2012 ला लष्करात गेला, तिथं वल्हं धरायला शिकला. चार वर्षांत रिओ ऑलिंपिकला तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण घेऊन आला. एकविसाव्या वर्षापर्यंत त्यानं कुठली नाव हाकली होती?"

"नाव वेगळी, कुस्ती वेगळी," आप्पा म्हणाले, पण पूर्वीचा जोर नव्हता. "आणि नोकरीचं काय? सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. एक मोठं पदक आलं तर पोरीचं आयुष्य मार्गी लागतं. कांद्याच्या भावावर किती दिवस काढायचे?"

हा प्रश्न ताईंच्या कुठल्याच अभ्यासात नव्हता. माझ्यापाशीही उत्तर नव्हतं. आमच्या भागात खेळ ही हौस नसते. सकाळी मालेगाव रस्त्याला पळणारी पोरं पोलीस भरतीसाठी पळतात. त्यांना 'दुखत असेल तर थांब' असं सांगणारा माणूस त्यांच्या घरची परिस्थिती जाणत नाही, असंच त्यांना वाटणार.

तेवढ्यात लेक उठून आली आणि आप्पांच्या खुर्चीपाशी बसली. "आप्पा, तुमचा गुडघा कशानं गेला?"

घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही. 'कुस्तीत गेला' एवढंच सगळ्यांना माहीत होतं. आप्पांनी पाटीतला एक कांदा उचलला, बोटांनी दाबला आणि बाजूला टाकला.

"बहात्तरचा दुष्काळ होता," ते म्हणाले. "विहिरीला पाणी नाही, घरात दाणा नाही. जत्रा आल्या तशी मी गावोगावी दंगली करत होतो. इनामाचे पैसे थेट किराणा दुकानात जायचे. एका गावी पट काढताना गुडघा पिळला. रात्रीत सुजून भोपळा झाला. आठ दिवसांनी दुसरीकडं मोठी कुस्ती होती. हळद-तेलाची पट्टी बांधली, वरून धोतर नेसलो आणि गेलो. तिथं तो पुरता गेला."

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही." मग त्यांनी नातीकडं बघितलं. "आणि विचारलं असतं तरी 'नाही दुखत' असंच म्हणालो असतो. त्या वेळी घराला दुसरं उत्तर परवडणारं नव्हतं."

कुणी काही बोललं नाही. ताई उठल्या, खाली बसल्या आणि त्यांनी आप्पांचा पाय आपल्या मांडीवर घेतला. सोळा वर्षं लोकांचे गुडघे तपासणाऱ्या मुलीला बापानं आपला गुडघा पहिल्यांदा दाखवला.

आप्पांनी तो टाकलेला कांदा पुन्हा हातात घेऊन लेकीला दाखवला. "हा बघ. वरून कसा आहे? चांगला. दाबून बघ, आत मऊ. वैशाखात काढताना कुठंतरी आपटला असेल. आपटलेला कांदा त्या दिवशी कळत नाही, चाळीत चार महिने गेल्यावर कळतो. म्हणून कांदा भरताना पाटी टाकायची नसते, ठेवायची असते."

त्या संध्याकाळी मला जे उमगलं ते मी इथं लिहून ठेवते आहे, कारण आमच्यासारख्या अनेक घरांत असे दोन कागद सहीसाठी पडलेले असतील. कुठला खेळ घातक, हा प्रश्न चुकीचा नाही. धोके वेगवेगळे आहेत, ते माहीत करून घ्यावेत, आकडेही बघावेत. पण तोच गुडघा, तीच इजा एका पोराला चार महिने घरी बसवते आणि दुसऱ्याला जन्मभर खुर्चीवर. मधला फरक बरेचदा त्या इजेनंतरच्या आठ दिवसांत पडतो. त्या आठ दिवसांत पोराला 'दुखतंय' म्हणता येतं का? आणि ते ऐकून घेणं घराला परवडतं का? आईबापांचं कर्ज, भावकीतली शान, नोकरीची आशा हे सगळं पोराच्या गुडघ्यावर रचलं, तर ते खोटंच सांगणार. ते तसं सांगतं प्रेमापोटी, आणि म्हणूनच पकडता येत नाही.

मी दोन्ही कागदांवर सही केली. तालमीत तीन दिवस, धावणं दोन दिवस, दोन दिवस काहीच नाही. आप्पा स्वतः तालमीत गेले. वजन तोडायचं नाही, वर्षभरात ठरवलेल्या तेवढ्याच लढती, आणि थांबायचं कधी ते पोरगी सांगेल, असं बोलून आले. पंधराव्या वर्षी काय धरायचं ते ती ठरवेल. आणि मी लेकीला एक गोष्ट स्पष्ट सांगितली: तू खेळलीस म्हणून या घराची चूल पेटते असं नाही, आणि नाही खेळलीस म्हणून ती विझणार नाही. हे म्हणता यावं यासाठी आम्हाला काय करावं लागेल ते आमचं आम्ही बघू.

परीक्षा लवकरच आली. तालुक्याच्या स्पर्धेला आठ दिवस उरले असताना तिनं जेवताना सांगितलं, "टाच दुखतेय. सकाळी जास्त." मी आणि तिचे वडील एकमेकांकडं बघतच राहिलो. एवढी तयारी झाली होती, तोंडावर आलं होतं, 'बघू दोन दिवस' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ताईंना फोन लावला. या वयात टाचेच्या वाढीच्या हाडाला सूज येते, विश्रांतीनं पूर्ण बरी होते, पण रेटलं तर लांबते, असं त्या म्हणाल्या.

आप्पा ताटावरून उठले, काठी टेकत भिंतीपाशी गेले, कालनिर्णयावर स्पर्धेच्या तारखेभोवतीचं लाल वर्तुळ त्यांनी खोडलं आणि तीन आठवडे पुढच्या सोमवारी नवं काढलं. मग परत येऊन त्यांनी तिच्या ताटात अर्धी भाकरी जास्त वाढली.